कमरूची उजवी सीट

कर्ला, रत्नागिरी
११ ऑक्टोबर १९९८

झुबेरभाई,

सलाम. तू रागात कुवेतला गेला आहेस, म्हणजे हे पाकीट स्वतः फोडणार नाहीस, भाभीच्या हातात देशील. भाभी, तुम्ही मोठ्यानं वाचा. तो पुढच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून ऐकत बसेल, आणि पेपर उलटा असेल.

आता भांडणाचं. मुंबईचा तो सिनेमावाल्यांना गाड्या पुरवणारा माणूस दारात उभा राहिला, तेव्हा मला कळलं की तू कमरू विकायला काढली आहेस. परक्या माणसाच्या तोंडून कळलं. मी त्याला चहा दिला, तळलेले गरे दिले, आणि तो मागच्या दारी हात धुवायला गेला तेवढ्यात शेजारच्या रावजीला सांगून त्याची बैलगाडी कमरू ठेवायच्या मांगराच्या तोंडाशी आडवी लावून घेतली. मग जोखडावर जाऊन बसले. गाडी बघायची तर बाईला उचलावं लागेल, आणि बाईला उचलायची त्याची काही तयारी दिसली नाही. बिचारा गरे खिशात घालून गेला.

त्यानंतर तू जो ओरडलास तो खाडीपलीकडे ऐकू गेला. कमरूत बसून आपण दोघं आयुष्यभर ओरडलो, पण ते इंजिनाच्या आवाजामुळे. असं समोरासमोर कधी ओरडलो नव्हतो. मला फार लागलं ते. अजून लागतंय.

तुझं म्हणणं मला पाठ झालंय. ही गाडी आपल्या पिढीचं खूळ, आजच्या पोरांना एसी हवा, पेट्रोल नुसतं हुंगून पळणारी मारुती हवी, अजून दहा वर्षांनी या आठ सिलिंडरच्या धुडाला भंगारवालाही हात लावणार नाही, तेव्हा आत्ता कोणी मागतंय तर देऊन टाकू. मी एवढंच विचारलं, की पोरांना विचारलंस का कधी? त्यावर स्टेशनावर गाडीत चढता चढता तू शर्त घातलीस. तू पुढच्या सुट्टीला येईपर्यंत एक तरी तरुण माणूस दाखवायचा, पंचविशीच्या आतला, जो आपल्या मनानं कमरू मागायला आला. कोणी पाठवलेला चालणार नाही. घरचं माणूस धरायचं नाही. दाखवलं तर कमरू राहिली. नाही दाखवलं तर मी बैलगाडी बाजूला करायची.

कबूल आहे. तुम्हा कुवेतवाल्यांची सुट्टी दोन वर्षांनी येते, तेवढ्या वेळात मी माणसं नाही, माणसांची रांग दाखवीन.

पण मी कशासाठी भांडले ते तुला नीट कळलेलं नाही असं वाटतं. तू ती अमेरिकन गाडी बोटीनं आणलीस तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. कॅमेरो हे नाव मोहल्ल्यात कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून कमरू झाली. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की स्टेअरिंग डावीकडे आहे. कुवेतच्या रस्त्यावर ते बरोबर, आपल्याकडे पंचाईत. पुढे ट्रक असला की डावीकडे बसलेल्या तुला ट्रकच्या फळ्यांखेरीज काही दिसायचं नाही. अब्बा म्हणाले, आता हिच्यात कोंबड्या पाळा. तेव्हा मी उजव्या सीटवर येऊन बसले आणि म्हणाले, तू चालव, मी बघून सांगते.

चल. थांब. दम धर. तीन शब्द, आणि एकदाच सांगायचं, हा तुझा नियम. मी 'चल' म्हटलं की तू न बघता गाडी उजवीकडे काढायचास. मोहल्ल्यातल्या प्रत्येक लग्नात नवरदेव मागच्या चिंचोळ्या जागेत गुडघे हनुवटीला लावून बसायचा, आणि पुढे मी. माझ्या घरात माझ्या शब्दानं चहासुद्धा वेळेवर उकळत नाही, भाई. त्या सीटवर बसले की माझ्या एका शब्दावर आठ सिलिंडर झेप घ्यायचे. ते मला हवं आहे. लाज कसली त्यात.

आणि एक. जायच्या आदल्या दिवशी तू गाडी मांगरात घालताना डाव्या बाजूनं कुंपणाच्या चिरेबंदी गडग्याला घासलीस. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. राग माझ्यावर होता तर मला बोलायचं होतंस, चिऱ्यावर कशाला काढलास? ओरखडा मी तसाच ठेवलाय, तुला दाखवायला.

तुझी, तू म्हणालास तशी डोकं नसलेली बहीण,
रझिया

---

२ फेब्रुवारी १९९९

भाई,

ईद छान झाली. तुझा फोन आला नाही, पण तुझ्या फहादनं एसटीडी बूथवर केला. मागून कोणीतरी खाकरत होतं. औषध घे.

शर्तीची खबर विचारशील तर लग्नांचा हंगाम भर रंगात आहे आणि कमरू मांगरात आहे. पोरं सुमो ठरवतात. सुमोच्या काचांना काळा कागद, आत पंखा, मागे नवरा-नवरीच्या नावाचं थर्माकोल. मी प्रत्येक लग्नात आडून आडून विचारते, "काय रे, कमरू नको का?" तर एक म्हणाला, "खाला, ती अजून हाय?" दुसरा म्हणाला, तिच्यात बसलं तर सूट चुरगळतो. तुझ्या वेळचे नवरदेव सुटाबिटाचं नाव काढत नव्हते.

एक पोरगा मात्र आपल्या पायांनी घरी आला. मांगराकडे बोट करून म्हणाला, "खाला, ही गाडी..." मी त्याला खुर्ची दिली, सांदणं पुढे केली. तो म्हणाला, "ही गाडी जरा मागं सरकवलीत तर माजी हिरोहोंडा ठेवायला जागा व्हईल." सांदणं मी परत आत नेली.

तू हसलास ना? भाभी, तो हसला का ते कळवा.

तुझा मेहुणा जमाल दर रविवारी बॅटरी जोडून इंजिन सुरू करतो. आठवडाभर लोट्याच्या कारखान्यात पाळी करून आलेला माणूस, त्याला झोप हवी असते, पण करतो. इंजिन धडधडलं की शेजारच्या कोंबड्या आंब्याच्या कलमांवर चढतात आणि तुझी भाची झारा खोलीतून बाहेर येऊन उभी राहते. अभ्यासाला हाक मारली तर ऐकू येत नाही, हे बरोबर ऐकू येतं. पण ती घरची, धरत नाही.

भाभीला सलाम. तुला आता नाही, तू लिहिलंस की देईन.

रझिया

---

२३ मे १९९९

झुबेरभाई,

या पाकिटासोबत आंब्याची पेटी पाठवता आली असती तर पाठवली असती. यंदा कलमं लगडली आहेत. कालवण, भात आणि वर आमरस खाऊन मी हे लिहिते आहे, त्यामुळे रागानं लिहायचं जमणार नाही.

झारानं ड्रायव्हिंग स्कूलच्या मारुतीवर लायसन्स काढलं. लायसन्स हातात पडलं त्याच दिवशी माझ्यासमोर हात पसरून उभी. किल्ली हवी. जमाल म्हणाला, "देऊन टाक, नायतर ही माझी झोप खाईल." मग शुक्रवारी दुपारी बैलगाडी तात्पुरती बाजूला ओढून निघालो, ती डावीकडे, मी उजवीकडे. हातखंब्याच्या रस्त्याला लागेपर्यंत सगळं ठीक होतं. तिथे पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक आला.

रस्ता मोकळा बघून मी म्हटलं, "चल."

गाडी जागची हलेना. म्हणजे ट्रकच्या मागून हलेना.

"काय गो, चल म्हटलं ना?"

"अम्मी, मला दिसत नाय तोवर मी जानार नाय."

"तुला दिसलं असतं तर मला कशाला बसवलं असतं?"

"तुला दिसला आनि मी गेले, आनि तेवढ्यात आला कोन तर?"

"तर आपण दोघी जाऊ. माझ्यावर भरवसा नाय?"

त्यावर तिनं वेग आणखी कमी केला, आणि तेच उत्तर होतं. आम्ही त्या ट्रकच्या मागे तांबडी धूळ खात परत आलो. घरी पोहोचलो तेव्हा दोघींचे फक्त डोळे पांढरे होते. जमालनं आम्हाला ओळखलं ते आवाजावरून, कारण आम्ही भांडत होतो.

पुढच्या शुक्रवारी जमाल म्हणाला, मी बसतो उजवीकडे. तो माणूस शांत आहे, त्याचा स्वभाव या कामाला चालत नाही. तो "थांब" म्हणाला तेव्हा समोरची एसटी आमच्या बाजूनं निघूनसुद्धा गेली होती. झारानं गाडी बाजूला घेतली आणि म्हणाली, "अब्बा, तुम्ही मागे बसा. अम्मीला पुढे बोलवा."

मग त्याच्या पुढच्या खेपेला मी "चल" म्हटलं आणि ती गेली. बघितलं नाही, मान वळवली नाही, गेली. भाई, मी दाराची कडी दोन्ही हातांनी धरली. तुझ्यासोबत कधी धरली नव्हती. तू भाऊ होतास, ही माझी लेक आहे. घरी येऊन मी नमाजला बसले, आणि मनातून इतकी खूश होते की दुवा मागायची विसरून गेले.

हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं. तू बोलत नाहीस तरी तुलाच सांगावंसं वाटतं, हे एक विचित्रच.

रझिया

---

५ डिसेंबर १९९९

भाई,

आडवा पडला असशील तर उठून बस. एक तरुण आला!

रावजीचा रितेश. तेवीस वर्षांचा, मुंबईला नोकरी, अंगावर इस्त्रीचा शर्ट. उंबऱ्यातच म्हणाला, "रझियामावशी, फेब्रुवारीत माझं लग्न आहे. मंडणगडकडची मुलगी आहे. कमरू मिळेल का?" मी त्याला दोन्ही हातांनी धरून आत आणला. सांदणं पुन्हा बाहेर आली. तो खात होता आणि मी मनात तुला पत्र लिहीत होते.

पण शर्त ती शर्त. मी विचारलं, "तुझ्या मनात कसं आलं रे?" पोरगं प्रामाणिक. खाली मान घालून म्हणाला, "खरं सांगू का मावशी, मी सुमो ठरवली होती. बाबांनी जेवण सोडलं."

तेवढ्यात रावजी आलाच मागच्या दारानं. त्याला मी दोन शब्द सुनावले, तर तो म्हणतो, "माज्या लग्नात कमरू व्हती. झुबेरभायनं चालवलान, तू बोललीस. आनि माज्या पोराच्या लग्नात ती डबडी? असा कसा चालंल?" मी म्हटलं, रावजी, तू माझी शर्त घालवलीस. पाठवलेला चालत नाही. तो डोकं खाजवून म्हणाला, "मंग तू झुबेरभायला सांगू नको."

मी सांगितलं. आता तू सांग, अशी बहीण कुवेतात मिळते का?

गाडी मात्र देणार. झारा चालवणार, मी बसणार. मंडणगडपर्यंत एवढा लांबचा पल्ला कमरूनं तू गेल्यापासून केला नाही, म्हणून जमालनं सुट्टी टाकून तिचे ब्रेक बघून घेतले.

फहादनं फोनवर एक मजेची गोष्ट सांगितली. तुझ्या तिथली पोरं म्हणे बापांच्या काळातल्या या गाड्या शोधत फिरतात, जुनी बोनेटं, जुनी चाकं. म्हणतो, "फुफी, अजून वीस वर्षांनी बघ, हिला मागणी येईल. ज्यांनी लहानपणी हिला नुसती लांबून बघितली ते मोठे होऊन मागतील." मी विचारलं, मागून काय करतील रे? तर म्हणाला, पुसून ठेवतील. मला पुसून ठेवणारे नकोत, भाई. बसणारे हवेत. तो विकत घेईन म्हणाला तेव्हा मात्र मी फोनवरच त्याला तीन वेळा दुवा दिली. पण तो घरचा. धरत नाही.

तुझी प्रामाणिक (आणि म्हणून हरत चाललेली),
रझिया

---

२० फेब्रुवारी २०००

झुबेरभाई,

हे पत्र लांब होणार. चहा मागव.

रितेशचं लग्न मंडणगडच्या पुढच्या एका वाडीत दुपारच्या मुहूर्ताला लागलं. डोंगरात अगदी वर, रस्ता असा की कमरूचं नाक आधी पोहोचतं आणि आपण मागाहून. मांडवातली सगळी मंडळी नवरदेव सोडून गाडीभोवती. म्हातारे बोनेटवर हात ठेवून बघत होते आणि तरुण पोरं आपल्या सुमोला टेकून लांबून बघत होती. मी म्हटलं, रझिया, झुबेरभाई बरोबर बोलला होता. हे म्हाताऱ्यांचंच खूळ आहे. खरंच सांगते, त्या मांडवात पत्रावळीवर बसले तेव्हा मी हरले होते.

निघायची वेळ झाली. नवरी निशिगंधा, बावीस वर्षांची, एवढीशी, रडून नाक लाल. तिची आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाय, हिला गाडी लागते. मागं बसवू नका, सगळ्या रस्त्यात..." पुढचं तिनं हातानं सांगितलं.

आता पुढे एकच सीट. माझी. मी निशिगंधाला म्हटलं, "हे बघ, तुला बसवीन. पण या सीटवर जो बसतो त्याला बोलावं लागतं. नुसतं शालूत बसून चालत नाही. रस्ता बघायचा आणि हिला सांगायचं. चुकीचं सांगितलंस तर नवरा आणि सासर दोन्ही एका दिवसात जातील."

तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "काय बोलायचं ते सांगा."

तीन शब्द सांगितले. मी मागे गेले, नवरदेवाच्या शेजारी. रितेश सहा फूट, मी काही बारीक नाही. त्याचा फेटा छताला, माझा गुडघा त्याच्या बरगडीत, मध्ये आहेराची पातेली. गेल्या चोवीस-पंचवीस वर्षांत माझ्या मागे जे नवरदेव बसले त्या सगळ्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

पहिल्या वळणाला ती पुटपुटली, "थांब." झाराला ऐकूच गेलं नाही. मी मागून ओरडले, "मोठ्यानं बोल गो! इंजिन तुझ्या सासूसारखं ऐकायला बसलेलं नाय!" दुसऱ्या वळणाला तिनं मुंडावळ्या कानामागे टाकल्या, खिडकीची काच खाली केली, अर्धी बाहेर वाकली आणि असा आवाज काढला की रस्त्याच्या कडेच्या म्हशींनी मान वर केली.

"दम धर! दम धर! ... चल!"

झारा गेली. न बघता गेली! त्या मुलीला ओळखून तिला अर्धा दिवससुद्धा झाला नव्हता. मला किती शुक्रवार लागले होते!

खेड गेलं, लोटे आलं. पहिली पाळी सुटली होती आणि कंपनीची बस पुढे रमतगमत चालली होती. निशिगंधा ओरडली, "चल!" आम्ही बसच्या बाजूनं निघालो तर खिडकीत जमाल. डबा मांडीवर, डोळे मिटलेले. आवाजानं जागा झाला आणि बघतो तर आपली लेक गाडी चालवतेय, शेजारी अनोळखी नवरी शालूत बाहेर लोंबकळत किंचाळतेय आणि बायको मागे नवरदेवाच्या मांडीवर. संध्याकाळी म्हणाला, "मी डोळे पुन्हा मिटून घेतले. म्हटलं, दुसऱ्या पाळीला गेलो नाय तरी स्वप्न पडतायत."

परशुराम घाट उतरताना मला सारखं माझं लग्न आठवत होतं. आठवतं ना तुला? उजव्या सीटवर बसणारं दुसरं कोणीच नव्हतं, म्हणून मीच सेहरा बाजूला करून तुला "चल" सांगत सासरी आले. अम्मा वाटेत म्हणत होती, नवरीनं बोलू नये. आणि तू म्हणालास, "अम्मा, तिनं बोललं नाय तर नवरी पोचायचीच नाय." मागे मी आणि फेट्यातला रितेश, आणि मला रडू आलं. रितेशला वाटलं त्याचा कोपर लागला. बिचारा आणखी आकसून बसला.

आणि गंमत, निशिगंधाला वाटेत एकदाही गाडी लागली नाही. रस्त्यावर डोळा ठेवायला लागल्यावर पोटाकडे लक्ष द्यायला वेळ कुठला.

आता मुद्द्याचं. मांडव परतायला तिला माहेरी न्यायचं होतं. रितेशनं एसटीची तिकिटं काढली होती. आदल्या दिवशी ती एकटी चालत माझ्या घरी आली. कोणी पाठवलं नव्हतं, रावजी शेतावर होता आणि रितेशला ठाऊक नव्हतं. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "मावशी, मला माहेरी कमरूनं जायचंय. एसटी नको, सुमो नको. आणि सीट तीच हवी. मागे बसणार असेन तर मी चालत जाईन."

मी खुर्ची दिली. सांदणं दिली. कोणी सांगितलं का, असं दोनदा विचारलं. ती म्हणाली, "मला लहानपणापासून सगळे सांगतात, गप्प बस, डोळे मीट, म्हणजे लागणार नाही. पहिल्यांदा कोणीतरी बोल म्हणालं."

बावीस वर्षांची, भाई. घरची नाही. आपल्या मनानं आली. मी जिंकले!

तुझी जिंकलेली,
रझिया

---

२ एप्रिल २०००

माझ्या भावा,

दीड वर्षानं! भाभीच्या पत्राच्या कडेला तुझ्या हातची एक ओळ. मी ती आधी वाचली नाही, नुसती बघितली. अक्षर पूर्वीपेक्षा मोठं आणि वाकडं आलंय, पण 'झ'ची शेपटी तुझीच.

'रावजी घरचाच. म्हणजे त्याची सून घरचीच. धरणार नाही. झुबेर.'

चोर कुठला. दीड वर्षानं तोंड उघडलंस ते यासाठी! मी इतकी हसले की झारा धावत आली. मग तेच पत्र घेऊन रावजीकडे गेले आणि ती ओळ वाचून दाखवली. तो विळा खाली ठेवून म्हणाला, "झुबेरभायनं असा लिवलान? घरचा?" मी म्हटलं, त्यामुळे मी शर्त हरते, तुला काही वाटतं का? त्याला काही वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ओल्या काजूच्या गरांची टोपली दारात होती आणि म्हातारा नवा सदरा घालून मोहल्ल्यात फिरत होता.

बरं, निशिगंधा घरची. मग पुढचं ऐक. तिची गोष्ट फिरली आणि दर शुक्रवारी मांगरापुढे मुली जमतात. शेजारची अलिझा तर नमाज सुटायच्या आधीच येऊन उभी राहते. तिचा आवाज असा की खाडीतल्या होड्या थांबतात. झारा चालवते, मुली पाळीपाळीनं उजवीकडे बसतात, हातखंब्यापर्यंत जाऊन येतात. पोरगे आता सुमो सोडून रस्त्याच्या कडेला उभे राहून बघतात, पण त्यांना कोणी सीट देत नाही. त्या हिरोहोंडावाल्यानंसुद्धा विचारलं. मी म्हटलं, आधी आवाज दाखव.

आता यातलं कोण घरचं आणि कोण परकं ते तूच ठरव. अलिझा माझ्या हातची सांदणं खाऊन मोठी झाली, तिला परकी म्हणायची माझी छाती नाही. तुझ्या हिशेबानं मी हरलेच म्हणायची. घरच्यांखेरीज कमरू कोणाला नको आहे. पण घर केवढं झालंय, ते मे महिन्यात येऊन बघ.

माझी सीट या मुलींनी घेतली म्हणून मी रिकामी बसले आहे असं समजू नकोस. झाराकडून एक गोष्ट शिकते आहे. काय ते सांगणार नाही.

तुला आता सलाम. पूर्ण, दीड वर्षाचा थकलेला.

रझिया

---

६ मे २०००

झुबेरभाई,

हे पत्र तुला निघायच्या आत मिळावं म्हणून झारा आत्ताच पोस्टात घेऊन जाईल. थोडक्यात लिहिते.

फहादचा काल फोन आला. म्हणाला, अब्बांकडून त्या मुंबईवाल्याचा नंबर हरवला. मी म्हटलं, अरेरे. ज्यानं शाळेतल्या बक्षिसाची पेन्सिलसुद्धा अजून जपून ठेवली आहे त्याच्या हातून नंबर हरवला! मी आणखी काही विचारलं नाही. बैलगाडी रावजीला परत नेऊन दिली.

दुसरी गोष्ट त्यानं सांगायची नव्हती, पण सांगितली. तुझा डावा डोळा गेला आहे. साखरेनं. मागच्या सुट्टीला आलास तेव्हाच जवळजवळ गेलेला होता.

म्हणजे तो गडगा तुला दिसलाच नव्हता.

मी फोन ठेवून बूथच्या बाकावर बसून राहिले. तू गाडी विकत नव्हतास, तू तिच्यापासून पळत होतास. आपण चालवणार नाही तर ती राहून काय करायची, हेच ना? आणि सांगितलंस काय, तर पोरांना नको आहे! भाई, चोवीस वर्षं मी तुला उजवीकडचं सांगितलं. डावीकडचंही सांगितलं असतं. एकदा म्हणायचं होतंस.

आता मी काय शिकले ते सांगते. आरटीओतल्या साहेबानं मला मैदानात इंग्रजी आठ काढायला लावला. मी काढला, आणि वर विचारलं, अजून एक काढू का? लायसन्सवरच्या फोटोत मी कोणाला तरी मारायला निघाल्यासारखी दिसते, पण लायसन्स आहे.

तुझी गाडी सकाळी रत्नागिरीला येते. स्टेशनाबाहेर कमरू उभी असेल, डावीकडचा ओरखडा तसाच. स्टेअरिंगवर मी असेन. मुलींना सांगून ठेवलंय, त्या दिवशी कोणी पुढे बसायचं नाही. भाभी मागे बसतील, गुडघे वर घेऊन. बाकी सामान रावजीनं ठरवलेल्या टेम्पोतून येईल.

तुझा उजवा डोळा शाबूत आहे ना? मग उजवीकडचं दार तुझ्यासाठी उघडं आहे. आपण सरळ घरी जायचं नाही, आधी हातखंब्यापर्यंत जाऊ. पुढे चिऱ्यांचा ट्रक असणारच, आणि मला त्याच्या फळ्यांखेरीज काही दिसणार नाही.

तू "चल" म्हण. एकदाच म्हण. मी बघणार नाही.

रझिया